परसातलं ॲक्वापोनिक्स : मासे आणण्याआधीचे चाळीस दिवस



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शाळेत परसबाग आहे. पोषण आहारासाठी मेथी, पालक, कोथिंबीर आपण लावतोच. आज मी थोड्या वेगळ्या बागेबद्दल लिहिणार आहे. या बागेत माती नाही, खत नाही. खाली टाकीत मासे आणि वर खडीत भाजी. हिला ॲक्वापोनिक्स म्हणतात. मी ही माझ्या घरामागच्या परसात केली आहे. पहिल्यांदा केली तेव्हा सपशेल फसले. आधी ते फसणंच सांगते, कारण शिकायचं सगळं त्यातच आहे.

काय चुकलं?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एका दिवसात सगळं जोडून टाकलं. ड्रम, पंप, खडी, पाइप. दुसऱ्या दिवशी वीस गोल्डफिश आणून सोडले. माझं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे शाळा सुरू होताच चौथीचा माझा सगळा वर्ग मासे बघायला आला. प्रत्येकाने मूठभर खाद्य टाकलं. मी कौतुकाने बघत होते.

चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. आठव्या दिवशी शेवटचा मासा गेला. मुलं रडवेली झाली. एका मुलीने विचारलं, "बाई, पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं. मग मेले कशाने?"

मला उत्तर देता आलं नाही. गंमत बघा, डी.एड.ला असताना नायट्रोजन चक्राची आकृती मी बाणांसकट पाठ करून पेपरात काढली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. तेच चक्र माझ्या ड्रममध्ये सुरूच झालं नव्हतं, म्हणून मासे मेले. आकृती पाठ होती, पण डोळ्यांसमोर आली तेव्हा ओळखता आली नाही.

ॲक्वापोनिक्स म्हणजे नेमकं काय?

मासे खातात आणि पाण्यात घाण करतात. त्या घाणीतला सगळ्यात त्रासदायक पदार्थ म्हणजे अमोनिया. माशांच्या विष्ठेतून तो येतोच, पण बराचसा त्यांच्या कल्ल्यांमधून थेट पाण्यात मिसळतो. न खाल्लेलं खाद्य कुजलं की त्यातूनही होतो. अमोनियाला रंग नसतो. म्हणून पाणी काचेसारखं दिसतं आणि तरी विषारी असतं. त्या मुलीच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर.

आता इथे जिवाणू येतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटसुद्धा माशांना घातक असतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर परिणाम करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र माशांना फारसं बाधत नाही, आणि झाडांना तर ते हवंच असतं. झाडं ते शोषून घेतात, पाणी साफ होऊन परत टाकीत जातं.

म्हणजे इथे मासे आणि झाडं असे दोन भागीदार नाहीत, तीन आहेत. तिसरा भागीदार डोळ्यांना दिसत नाही, आणि तोच सगळ्यात सावकाश वाढतो. हे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास ओळखले.

मासा आणि पीक एकत्र घेण्याची कल्पना तशी जुनीच आहे. चीनमध्ये भातखाचरात मासे पाळतात, अरुणाचलच्या झिरो खोऱ्यात आपातानी शेतकरी आजही पाळतात. आपल्याजवळ गोव्याच्या खाजन जमिनीत पावसाळ्यात भात आणि त्याच पाण्याच्या वाटांवर मासळी असा मेळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. टाकी आणि पंप वापरून पाणी गोल फिरवण्याची आजची पद्धत मात्र अलीकडची. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी १९८० च्या दशकापासून त्यावर काम केलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या ॲक्वापोनिक्सवर सविस्तर पुस्तिका काढली. खाली दिलेली बरीचशी प्रमाणं त्याच पद्धतीची आहेत.

साहित्य

१) २०० लिटरचे दोन निळे प्लास्टिक ड्रम. आधी त्यात काय होतं ते विचारूनच घ्या. रसायन, औषध, ऑइल असलेला ड्रम फुकट मिळाला तरी नको.
२) अर्धा ते पाऊण इंची खडी, साधारण १०० लिटर, म्हणजे पाच-सहा बादल्या.
३) कुलरचा पंप आणि त्याला बसेल अशी नळी.
४) एक इंची पीव्हीसी पाइप, टाकीचं निपल, एक एल्बो, तीन-चार इंची जाड पाइपचा तुकडा.
५) १५ मिनिटांचे टप्पे असलेला टायमर.
६) फिशटँकचा हवेचा पंप, शक्यतो बॅटरीवर चालणारा.
७) अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू म्हणजे पीएच तपासायचं किट. माशांच्या दुकानात मिळतं.

पहिल्या वेळी मी शेवटची वस्तू महाग वाटली म्हणून घेतली नव्हती. आता म्हणते, दुसरा ड्रम उसना आणा, पण किट विकत घ्या.

खडी घेताना एक सोपी परीक्षा करा. खड्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, ती खडी नको, कारण ती पाण्याचा सामू सतत वाढवत राहते. आपली काळ्या बसाल्टची खडी बहुधा या परीक्षेत पास होते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. पाच-सहा पाण्यांनी धुऊनच ती वापरा.

मांडणी

पहिल्या ड्रमचं वरचं झाकण कापून काढा. हा माशांचा ड्रम. तो जमिनीत असा पुरा, की फूटभर भाग वर राहील. जमिनीतलं पाणी उन्हाळ्यात गार राहतं आणि वरची मांडणीही उंच होत नाही. तोंडावर घट्ट लोखंडी जाळी हवीच. घरात लहान मूल असेल तर जाळी बसवल्याशिवाय ड्रममध्ये पाणी भरू नका.

दुसरा ड्रम उभा चिरला की दोन पन्हळी मिळतात. एक वापरायची, दुसरी पुढच्या वर्षासाठी ठेवायची. ही पन्हळ म्हणजे आपला वाफा. तो माशांच्या ड्रमच्या काठापेक्षा थोडा उंच बसवा. विटांवर विटा रचून भागवू नका. नुसती खडीच दीडशे किलोच्या आसपास भरते, वर पाणी. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगलचा स्टँड करून घेतला.

वाफ्याच्या तळाला भोक पाडून निपल बसवा आणि त्यात एक इंची पाइप उभा करा. त्याचं वरचं तोंड खडीच्या पातळीपेक्षा दोन इंच खाली राहू द्या. तळाशी त्याच पाइपला दोन-तीन बारीक भोकं पाडा. भोवती भोकं पाडलेला जाड पाइप उभा करा, म्हणजे खडी आणि मुळं आत शिरणार नाहीत. मग खडी भरा.

पंप सुरू झाला की पाणी वाफ्यात चढतं. उभ्या पाइपच्या तोंडापर्यंत आलं की जास्तीचं पाणी खाली ड्रममध्ये पडतं. पंप बंद झाला की उरलेलं पाणी बारीक भोकांतून हळूहळू निथळतं. टायमर १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद असा लावायचा. पाणी चढताना मुळांना आणि जिवाणूंना अन्न मिळतं, उतरताना हवा मिळते. वरची दोन इंच खडी कोरडी राहते, म्हणून शेवाळ धरत नाही आणि डासही होत नाहीत. आपोआप उपसा करणारा बेल सायफनही असतो, पण तो जमवायला वेळ लागतो. पहिल्या खेपेला टायमरच बरा.

विजेची काळजी: सॉकेट पाण्यापासून लांब आणि उंचावर, अर्थिंग असलेलं हवं. घराला गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच असेल तर उत्तम. पाण्यात हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढायचा, हा नियम मी ड्रमवरच रंगवून ठेवलाय.

आता थांबा : चाळीस दिवसांचं विरजण

सगळं जोडून झालं, पाणी फिरतंय, छान दिसतंय. हात शिवशिवतात, मासे आणावेसे वाटतात. हाच तो क्षण. इथे थांबायचं.

दही लावताना आपण काय करतो? दुधात विरजण घालतो आणि रात्रभर हलवत नाही. दह्याचे जिवाणू भराभर वाढतात, म्हणून सकाळी दही तयार असतं. आपल्या खडीतले जिवाणू मात्र फार सावकाश वाढतात. त्यांना दुप्पट व्हायलाच अर्ध्या दिवसापासून एक-दोन दिवस लागतात. म्हणून हे दही लागायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत थोडं जास्तच.

कृती अशी:

पाणी भरा. नळाचं पाणी असेल तर ते ब्लीचिंग पावडर टाकून शुद्ध केलेलं असतं. क्लोरीन जिवाणूंनाही मारतो आणि माशांनाही. म्हणून पाणी उघड्यावर किमान २४ तास ठेवा, मधूनमधून ढवळा.

मासे नसताना रोज २-३ ग्रॅम माशांचं खाद्य चुरून टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो. किटवर अमोनिया लिटरला २ ते ४ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवायचा. ५ च्या वर गेला तर खाद्य थांबवायचं.

ओळखीच्या कुणाकडे जुना, नीट चाललेला फिशटँक असेल तर त्याच्या तळातली मूठभर खडी किंवा फिल्टरचा स्पंज मागून आणा आणि वाफ्यात टाका. हेच आपलं विरजण. वेळ बराच वाचतो.

झाडं मात्र आधीपासून लावली तरी चालतात. मी पुदिन्याच्या काड्या लावल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला मी जानेवारीत सुरुवात केली. या वेळी रोज शाळा सुटल्यावर दोन मुलं येऊन पाणी तपासायची आणि तक्त्यावर आकडा लिहायची. पहिले काही दिवस फक्त अमोनिया चढत होता. दोन आठवड्यांनी नायट्राइट दिसू लागलं. मग अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट चढत गेलं. मुलं कंटाळली. "बाई, अजून किती?" हे रोजचं. मग एके दिवशी नायट्रेटचा रंग दिसला आणि नायट्राइटही खाली यायला लागलं. तक्त्यावर आलेख काढला तेव्हा आधी एक टेकडी, तिच्यामागे दुसरी टेकडी आणि शेवटी एक चढण, असं चित्र तयार झालं. माझी पेपरातली ती बाणांची आकृती मुलांनी आकडे मोजून काढली होती.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ, आणि नायट्रेट स्पष्ट दिसतंय, हे सलग तीन-चार दिवस आलं की समजायचं, दही लागलं. आम्हाला ३८ दिवस लागले.

मासे कोणते आणि किती?

पहिल्या वर्षी गोल्डफिशच बरे. चिवट असतात, दुकानात मिळतात आणि शाकाहारी घरांनाही अडचण नाही. खायचे मासे हवे असतील तर राहू किंवा सिप्रिनस घेता येतात, पण ते मोठे होतात, त्यांना ड्रम पुरत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. थाई मागूर पाळायला आपल्या देशात बंदी आहे आणि तिलापियाला शासनाची परवानगी लागते. विकणारा काहीही सांगू दे.

किती मासे, याचं उत्तर खाद्याच्या हिशेबात आहे. पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं. म्हणजे माशांच्या पोटातून जाऊन तेवढं खत मिळतं. आपली पन्हळ साधारण अर्धा चौरस मीटर, म्हणजे २० ते २५ ग्रॅम. मासे रोज आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के खातात. माझे वीस गोल्डफिश मिळून आता ७०० ग्रॅमच्या आसपास आहेत, ते रोज १० ग्रॅम खातात. म्हणून मी अर्ध्याच वाफ्यात भाजी दाट लावते. पूर्ण वाफा भरायचा तर मासे वाढवावे लागतील, पण नवख्याने लिटरमागे १० ग्रॅमपेक्षा जास्त मासे ठेवू नयेत. हे गणित मी पाचवीच्या शेकडेवारीला वापरते. मुलांना उत्तर खरं की खोटं ते वाफ्यात दिसतं.

मासे एकदम सोडू नका. आम्ही आधी आठ सोडले आणि दोन आठवड्यांनी बारा. पिशवी अर्धा तास ड्रममध्ये तरंगत ठेवून मगच उघडा. खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढंच. मूठभर नाही, चिमूटभर. आता आमच्याकडे खाद्य टाकायचा मान रोज एकाच मुलाला.

भाजी कोणती?

पालक, पुदिना, मेथी, अळू सुरुवातीला छान येतात. टोमॅटो, मिरचीला जास्त अन्न लागतं, ती सहा महिन्यांनी. मुळा, गाजराच्या वाटेला खडीत जाऊ नका. पुदिन्याची मुळं फार पसरतात, महिन्यातून एकदा जाड पाइपभोवतीची मुळं काढा.

अडचणी आणि उपाय

मासे वर येऊन धापा टाकतात: खाद्य ताबडतोब बंद. हवेचा पंप लावा. अमोनिया, नायट्राइट तपासा. वाढलेलं असेल तर एक तृतीयांश पाणी बदला, तेही आदल्या दिवशी साठवलेल्या पाण्याने.

वीज गेली: हवेचा बॅटरी पंप लावा. तोही नसेल तर मगाने पाणी उंचावरून परत ड्रममध्ये ओतत राहा. मासे कमी असतील तर काही तास निभावतं. कमी मासे हाच सगळ्यात स्वस्त इन्व्हर्टर.

सामू: ६.५ ते ७.५ च्या आसपास मासे, झाडं आणि जिवाणू तिघांनाही चालतं. आमच्या बोअरचं पाणी ८ च्या घरातलं. सामू जास्त असला की तेवढाच अमोनिया माशांना जास्त मारक ठरतो. माझ्या पहिल्या वीस माशांना हेही भोवलं. जिवाणूंच्या कामामुळे सामू हळूहळू आपोआप उतरतो. ६.५ च्या खाली गेला तर शिंपल्यांचे किंवा अंड्याच्या टरफलांचे तुकडे कापडी पिशवीत बांधून ड्रममध्ये सोडा.

नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह कमी. माशांच्या खाद्यात ते पुरेसं नसतं. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणून लिटरमागे २ मिलिग्रॅम लोह मिळेल एवढं टाका.

मावा, कीड: फवारणी अजिबात नाही. भाजीवर मारलेलं सगळं माशांच्या अंगावर जातं. मोरचूदसुद्धा नको, तांबं माशांना विष आहे. पानं हाताने धुवा, फारच किडलेली काढून टाका.

उन्हाळा: वर हिरवी शेडनेट. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. आटलेलं पाणी भरत राहायचं, आम्हाला एप्रिल-मेमध्ये रोज पाऊण बादलीपर्यंत लागतं. पाणी बाहेर सोडायचं नसल्यामुळे एवढ्यावर भागतं.

वर्गात काय करता येईल?

तक्ता वाचणं, आलेख, शेकडेवारी, आकारमान हे गणितात. अन्नसाखळी आणि सूक्ष्मजीव हे परिसर अभ्यासात. रोजची नोंदवही भाषेच्या तासाला. शाळेत करायचं तर सुट्टीत पंप आणि खाद्याची जबाबदारी कुणाची, हे आधी लिहून ठरवा. ते ठरत नसेल तर आधी घरीच करा.

पण मला विचाराल तर या बागेतून मुलं सगळ्यात जास्त शिकली ती त्या रिकाम्या ३८ दिवसांत. मासे नसलेल्या ड्रमकडे रोज यायचं, आकडा लिहायचा आणि काही न करता परत जायचं. ३८ व्या दिवशी तीच प्रश्न विचारणारी मुलगी किटची नळी उजेडात धरून म्हणाली, "बाई, आता आणा मासे." मी स्वतः पुन्हा एकदा तपासलं. तिचं बरोबर होतं.

तुम्ही सुरू करणार असाल तर ड्रमच्या आधी कॅलेंडर घ्या आणि त्यावर चाळीस दिवसांनंतरच्या तारखेला मासा काढून ठेवा.